कपाशीचा लाल्या आणि पानांतील रक्षक विकर

कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास यवतमाळजवळील लोहाऱ्याच्या शिवारांत फेरफटका मारला असतां एखाद्या शेतांतील कपाशी तांबडी पडलेली आढळते. पाऊस संपलेला, आकाश निरभ्र, दिवसा लख्ख ऊन आणि पहाटे घोंगडी ओढावी अशी थंडी. बोंडें भरत आलेलीं असतात आणि नेमक्या त्याच वेळीं पानें लाल होऊं लागतात. आपल्या वऱ्हाडांत ह्यास ‘लाल्या’ म्हणतात. तो दिसतांच पुष्कळ शेतकरी बंधु फवारणीचा पंप उचलतात. परंतु लाल्या हा बहुधा किडीचा वा बुरशीचा रोग नसून पानाच्या अंतर्गत व्यवहाराचा बिघाड असतो. तो व्यवहार समजल्यावांचून उपाय सुचावयाचा नाहीं. म्हणून त्याची हकीकत आज देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पानाचीं कामें मुख्यतः दोन. हरितद्रव्याच्या योगानें ऊन पकडणें हें पहिलें, आणि त्या शक्तीवर साखर तयार करणें हें दुसरें. पहिलें काम थंडीनें फारसें मंदावत नाहीं. दुसरें मात्र विकरांच्या हातून होत असल्यामुळें गारठ्यांत हळू चालतें. जिनावर कापसाच्या गाड्या येतच राहाव्या आणि यंत्र मात्र निम्म्या वेगानें चालावें, म्हणजे अंगणांत जशी गर्दी होते, तशी थंड सकाळीं कडक ऊन पडलें कीं पानांत न वापरलेल्या शक्तीची गर्दी होते. ही उरलेली शक्ति प्राणवायूवर जाते आणि त्यापासून सुपरऑक्साइड, हायड्रोजन परॉक्साइड इत्यादि दाहक पदार्थ उत्पन्न होतात. ते हरितद्रव्य व पेशींचीं आवरणें ह्यांची नासाडी करितात.

ह्या घरच्या शत्रूंचा बंदोबस्त करण्यासाठीं पानांत रक्षक विकर असतात. त्यांपैकीं सुपरऑक्साइड डिसम्युटेज ह्या विकराचें कार्य मॅककॉर्ड व फ्रिडोविच ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६९ सालीं उघडकीस आणिलें. तो सुपरऑक्साइडाचें हायड्रोजन परॉक्साइडांत रूपांतर करितो. पुढें कॅटॅलेज आणि अ‍ॅस्कॉर्बेट परॉक्सिडेज हे दोघे परॉक्साइडाचें पाणी करून टाकितात. जखम धुण्याचें हायड्रोजन परॉक्साइड ठेचलेल्या ताज्या पानावर टाकिल्यास फेस येतो; हा मुख्यत्वें कॅटॅलेजचाच प्रताप होय.

ताण हळूहळू व बेताचा आला तर वनस्पति आपल्या ह्या रक्षकांची संख्या वाढविते. परंतु ताण एकदम आला तर रक्षकच बळी पडतात. कॅटॅलेज हा प्रखर उजेडानें स्वतःच निकामी होतो. ऊब असतांना त्याची जागा नवा कॅटॅलेज भरून काढतो, थंडींत मात्र ही भरती मागें पडते. अशा वेळीं पान अँथोसायनिन नांवाचें तांबडें रंगद्रव्य तयार करितें. पुष्कळ शास्त्रज्ञांच्या मतें हें उन्हापासून बचाव करणारें छत्रच होय. तेव्हां लाली ही पानानें घातलेली हाक समजावी.

आतां, थंडी व ऊन सर्वांस सारखींच असतां एकाचें शेत लाल आणि शेजाऱ्याचें हिरवें, असें कां? ह्याचें उत्तर बहुधा जमिनींत सांपडतें. मॅग्नेशियम हें हरितद्रव्याचें अंग आहे, आणि पानांतील साखर बोंडांकडे रवाना होण्यासही तें लागतें. तें कमी पडल्यास साखर पानांतच तुंबते व शक्तीची गर्दी वाढते. जर्मनींतील होहेनहाइम येथील मार्शनर व चाकमाक ह्यांनीं मॅग्नेशियम कमी दिलेल्या घेवड्याच्या पानाचा कांहीं भाग झांकून ठेविला, तेव्हां उघडा भाग पिवळा पडला आणि झांकलेला हिरवा राहिला. हें काम १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. उणीव तीच, पण उजेडानें तिचें विष झालें! तसेंच रक्षक विकरांच्या घडणींत जस्त, तांबें, लोह व मँगनीज हीं द्रव्यें लागतात. शिवाय भरणारीं बोंडें पानांतील नत्र ओढून घेतात. हलकी जमीन, पाण्याचा ताण किंवा साचलेलें पाणी असल्यास भर पडते तो निराळाच.

म्हणून लाली दिसतांच प्रथम पान उलटून पाहावें. कडा खालीं वळल्या असून तुडतुडे आढळले तर तो किडीचा प्रश्न. कीड नसून शिरा हिरव्या व मधला भाग लाल असेल, तर मॅग्नेशियमची उणीव ओळखावी. माती तपासून पेरणीच्या वेळीं हेक्टरीं २० ते २५ किलो मॅग्नेशियम सल्फेट द्यावें. उभ्या पिकांत दहा लिटर पाण्यांत १०० ग्रॅम ह्या प्रमाणानें त्याची फवारणी करावी. बोंडें भरतांना दोन टक्के युरियाची निराळी फवारणी उपयोगी पडते. लाल झालेलें पान पुन्हां हिरवें होण्याची आशा थोडी; नवीं पानें मात्र वांचतात.

कीटकनाशकानें ह्या लाल्याचें कांहींएक बिघडत नाहीं. बिघडतें तें फवारणाऱ्याचें. २०१७ सालीं आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांत फवारणींतील विषबाधेनें अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हें कोण विसरेल? ज्या दुखण्याला विष लागत नाहीं, त्यापायीं घरचा कर्ता माणूस धोक्यांत घालणें हें शहाणपणाचें नव्हे. पंप खांद्यावर घेण्यापूर्वीं पान एकदां उलटून पाहावें, इतकीच आमची शेतकरी बंधूंस आग्रहाची विनंति आहे.