कामाचा ट्रक आणि घरचा प्रवास : कायदा काय सांगतो, विमा कुठे थांबतो?

आपल्या समाजात ट्रक, टेम्पो, पिकअप चालवून घर चालवणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. कुणाची गाडी स्वतःची, फायनान्सवर घेतलेली. कुणी शेठच्या गाडीवर ड्रायव्हर. अशा घरात ईदला गावी जायचं असो, निकाहला वऱ्हाड न्यायचं असो की उरुसाला जायचं असो, एक वाक्य हमखास ऐकू येतं, "गाडी आहेच की दारात, डिझेल टाकलं की झालं." हे वाक्य किती महाग पडू शकतं, ते आज आपण समजून घेऊ या.

एकटा ड्रायव्हर घरी आला तर?

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये "ड्रायव्हरने कामाची गाडी खासगी कामाला किती वापरावी" असं वेगळं कलम नाही. मालकाच्या इजाजतीने ड्रायव्हर एकटा रिकामा ट्रक घेऊन घरी आला आणि गाडीची कागदपत्रं व लायसन्स चालू असेल, तर तेवढ्याने गुन्हा होत नाही.

पण इजाजत नसेल तर कलम १९७ लागू होऊ शकतं. मालकाच्या संमतीशिवाय गाडी नेल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. "विचारलं असतं तर मालकाने हो म्हटलंच असतं" असं ड्रायव्हरला खरोखर आणि सबळ कारणाने वाटलं होतं, हे कोर्टाला पटलं तर सुटका होते. पण कोर्टात ते पटवत बसण्यापेक्षा आधी मोबाइलवर लेखी "हो" घेऊन ठेवणं सोपं.

दुसरी गोष्ट झोपेची. दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, ही मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून चालत आली आहे. ड्युटी संपवून रात्रभर गाडी हाकत गावी जायचं आणि सकाळी परत माल भरायचा, हा आराम नव्हे. कागदावर तो वेळ सुट्टीचा असेल, शरीराला मात्र ती ड्युटीच.

अमेरिकेत यासाठी स्वतंत्र नियम आहेत. ड्युटी संपल्यावर जेवायला किंवा मुक्कामाला ट्रक नेता येतो, पण तो वेळ खासगी म्हणून नोंदवावा लागतो आणि थकलेल्या ड्रायव्हरला गाडी चालवण्याची मनाई तेव्हाही कायम असते. ट्रकमध्ये दुसऱ्या कुणाला बसवायचं असेल तर कंपनीची लेखी परवानगी लागते. आपल्याकडे असं वेगळं प्रकरण नसल्यामुळे "चालतंय" असा समज पसरला आहे.

माणसं बसवली की चित्र बदलतं

मालवाहू गाडी ही फक्त माल वाहण्यासाठी बांधलेली गाडी, अशी कायद्याची व्याख्या आहे. मागच्या हौद्यात सतरंजी टाकून वीस माणसं बसवली, तर परमिटच्या अटींचा भंग होतो. कलम १९२-अ नुसार पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड आहे.

काही जण म्हणतात, "आमच्या छोटा हत्तीला परमिटच लागत नाही." तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिटमधून सूट आहे, हे बरोबर. पण ती सूट मालासाठी आहे, माणसं भरण्यासाठी नाही.

कायद्याने एक सवलत ठेवली आहे, ती घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीने न्यायचं असेल तर कलम १९२-अ ची शिक्षा लागत नाही. मात्र सात दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला तसं कळवावं लागतं. म्हणजे रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं आणि दारात फक्त टेम्पो असेल, तर दंडाच्या भीतीने थांबू नका.

खरा धोका विम्याचा

दंड भरून माणूस मोकळा होतो. अपघात झाला तर मात्र सगळं घर त्यात ओढलं जातं.

गाडीचा विमा चालू आहे म्हणजे आत बसलेल्या सगळ्यांना भरपाई मिळणार, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीच्या सक्तीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी येतो. इतर प्रवासी येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी खटल्यात आणि पुन्हा २००४ मध्ये बलजीत कौर खटल्यात हेच स्पष्ट केलं. फुकट बसलेला असो की भाडं देऊन, मालवाहू गाडीतल्या प्रवाशाची भरपाई देण्याची सक्ती विमा कंपनीवर नाही. मालाचा मालक असला तरी तो केबिनमध्ये बसलेला हवा, मागे मालावर नव्हे, असंही न्यायालयाने म्हटलं आहे.

मग पैसे कोण देणार? गाडीचा मालक. काही खटल्यांत कोर्ट विमा कंपनीला आधी रक्कम द्यायला सांगतं आणि नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. पीडिताला त्यात दिलासा मिळतो, मालकाचं ओझं मात्र तसंच राहतं. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी, कलेक्टरमार्फत वसूल होऊ शकते. ज्याच्या एका ट्रकवर घर चालतं आणि हप्तेही चालू आहेत, त्याच्यासाठी याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. त्यात जखमी झालेले आपलेच चाचा, खाला, भाचे. म्हणजे भरपाई मागणाराही घरचा आणि देणाराही घरचा.

ड्रायव्हर नोकरीला असेल तर त्याचं नुकसान वेगळंच. कर्मचाऱ्यांच्या नुकसानभरपाईच्या कायद्यानुसार अपघात कामामुळे आणि काम करताना झालेला असावा लागतो. वऱ्हाड नेताना हातपाय मोडला तर "हे काम नव्हतं" असा मुद्दा निघतो. निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ती निराळी.

मग करायचं काय?

• आरसीवर आसनक्षमता किती लिहिली आहे ते बघा. केबिनमध्ये त्यापेक्षा एकही माणूस जास्त नको.

• घरसामान हलवताना सामानाच्या मालकाने केबिनमध्ये बसावं. भाड्याची पावती किंवा सामानाची यादी जवळ ठेवावी. बाकी कुटुंबाने वेगळं यावं.

• लग्नाला एसटीची बस "प्रासंगिक करारा"वर मिळते. आगाराच्या ठिकाणी आधी चौकशी करा आणि दहा कुटुंबांत खर्च वाटून बघा. एसटीच्या नेहमीच्या गाड्यांत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या बुजुर्गांना प्रवास मोफत आहे.

• खासगी गाडी ठरवली तर ती प्रवासी परमिटची आहे का आणि विमा प्रवासी वाहनाचा आहे का, हे आधी विचारा.

• अपघात झालाच तर सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. "आम्ही मालाचे मालक होतो" असं खोटं लिहून देऊ नका. माल कुठला, पावती कुठे, हे तिथे विचारलं जातं. खोटं उघडं पडलं की खऱ्या दाव्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

बऱ्याचदा ड्रायव्हरला हे सगळं माहीत असतं. पण घरचे म्हणतात, "एवढ्या जवळ तर जायचंय," आणि मोठ्यांपुढे त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून ही माहिती घरातल्या बुजुर्गांनाही वाचून दाखवा. "बेटा, बस ठरव, पैसे आपण वाटून घेऊ," हे मोठ्यांनीच म्हटलं, तर ड्रायव्हर पोराला वाईटपणा घ्यावा लागणार नाही.