उपाशीपोटीची साखर फसवते

लंडनमधल्या एखाद्या मराठी घरात सकाळच्या चहासोबत प्रेडनिसोलोनच्या गोळ्या मोजल्या जातात. कुणाला संधिवात, कुणाला दमा. दुखणं झटकन हटतं. किंमत नंतर कळते.

हे स्टेरॉइड यकृताला जादा साखर सोडायला लावतं आणि स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे होतात. गोळी सकाळी घेतली की साखर दुपारच्या जेवणानंतर चढते, रात्रीतून उतरते. म्हणजे उपाशीपोटीचा रिपोर्ट स्वच्छ, अन् संध्याकाळी आकडा १२! (तिकडे मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्या हिशेबात २१६.) म्हणून तपासणी दुपारनंतरच करावी. आपल्या लोकांना मधुमेहाचा धोका मुळातच जास्त.

शिवाय अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढतो, चरबी पोटावर जमते. लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ८७,७९४ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या; रोज ५ मिलिग्रॅमहून कमी डोस घेणाऱ्यांतही हृदयविकार जास्त आढळले. ‘थोडीशीच तर घेते’ म्हणणाऱ्या मावशींनी हे ऐकावं.

पण घाबरून गोळी एकदम बंद करू नये. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड आयतं मिळाल्याने ते शरीरातच बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. पाकिटात एनएचएसचं (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) स्टेरॉइड इमर्जन्सी कार्ड असतं ते त्यासाठीच. डोस उतरवायचा तो डॉक्टरांनी, पायरीपायरीने.