नवी आवृत्ती आणि आक्कांचे आलवण

आमच्या घरी १९४१ सालचे एक छायाचित्र आहे. वडिलांच्या मुंजीच्या दिवशी, इंदूरच्या जुन्या वाड्याच्या चौकात काढलेले. मधोमध बटू, भोवती घरची मंडळी, आणि उजव्या कडेला जराशा मागे सरून उभ्या राहिलेल्या आक्का, म्हणजे वडिलांच्या आत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, केशवपन झालेल्या, आलवण नेसलेल्या. मंगलप्रसंगी अशा स्त्रीला त्या काळी कोणी पुढे येऊ देत नसे. आजोबांनी हट्ट धरला म्हणून आक्का चित्रात आल्या, असे वडील नेहमी सांगत. पुढे ओल लागून चित्राची नेमकी तीच कड खराब झाली. आक्कांच्या कपाळापासून खांद्यापर्यंत एक पांढरा चट्टा उमटला.

दहाएक वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने संगणकावर या चित्राची डागडुजी केली होती. शेजारचा शाबूत तुकडा उचलावा आणि फाटक्या जागी लावावा, अशी ती ठिगळाची रीत. तीन संध्याकाळी तो खपला. भिंत, फरशी, मुलांचे सदरे सारे नीट झाले. चट्ट्यापुढे मात्र त्याने हात टेकले. "काका, इथे उचलायला काहीच नाही," तो म्हणाला.

यंदा त्याने त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली आणि ते चित्र पुन्हा काढले. या वेळी काम मिनिटाभरात झाले. चट्टा गेला, कृष्णधवल चित्रास रंग चढले. आम्ही मोठ्या कौतुकाने ते आईपुढे ठेवले. तिने चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाली, "ही कोण रे?"

पदराखाली काळेभोर केस होते. कपाळावर टिकली होती. लुगडे निळे होते.

वाचकहो, दोष एकट्या त्या यंत्राचा म्हणता येणार नाही. ही विद्या कशी वाढली हे पाहिले म्हणजे उलगडा होतो. या क्षेत्रातील सर्वांत प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे फोटोशॉप. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ मध्ये त्याचा पाया घातला; बंधू जॉन यांनी त्यास हातभार लावला आणि १९९० मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने ते बाजारात आणले. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'लेयर' आले, म्हणजे मूळ चित्राला धक्का न लावता वर पारदर्शक पापुद्रा पसरून काम करण्याची सोय. माझ्या मते याहून मोलाची सुधारणा नंतर झाली नाही. २००२ मध्ये डाग बुजविणारा कुंचला आला, २०१० मध्ये आजूबाजूचे पाहून रिकामी जागा आपोआप भरण्याची युक्ती आली. येथवर यंत्र चित्रातलेच उसने घेई. पुढे मात्र असंख्य चित्रे पाहून 'शिकलेली' यंत्रबुद्धी त्यात शिरली आणि २०२३ पासून ती नसलेली वस्तूही निर्माण करू लागली. तिने पाहिलेल्या बहुतेक बायकांना केस असणार. आलवण तिने कोठे पाहिले असेल?

माझ्या लहानपणी स्टुडिओत कृष्णधवल चित्रे हाताने रंगवून देत. काचेवर अणकुचीदार पेन्सिलीने सुरकुत्याही लपवीत. म्हणजे खोटेपणा तेव्हाही होताच! पण रंगविणारा आधी विचारी, "बाईंचे लुगडे कोणत्या रंगाचे?" आणि उत्तर पाकिटावर लिहून घेई.

नवी आवृत्ती घेऊ नये असे मी म्हणत नाही. भिंतीचे पोपडे तिने फारच सुरेख साधले. मात्र मूळ छायाचित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करून 'टिफ' स्वरूपात वेगळे ठेवावे व त्यावर कधीही काम करू नये. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुनीत नीट उघडेलच असे नाही, तेव्हा घाईने जुनी काढून टाकू नये. पैशाचाही विचार हवा. फोटोशॉपपुरते बोलायचे तर २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या एकरकमी विकत मिळत नाहीत, भाडे भरीत राहावे लागते. आणि भरलेली जागा कोणती, हे चित्रामागे तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या पिढीला ते कळायला दुसरा मार्ग नाही.

पुतण्याने निळे लुगडे पुसले. चट्टा होता तसा परत आणला. मग आईला शेजारी बसवून तो पडद्यावर एकेक तांबडा रंग दाखवू लागला. "कुंकवासारखा नव्हे," आई म्हणत होती, "विटेसारखा. धुऊन धुऊन विटलेला." सातव्या की आठव्या छटेला तिने पडद्यावर बोट टेकले.