खेळ बाळाचा, पसारा आईचा

भाचीच्या मुलाचा दुसरा वाढदिवस धूमधडाक्यात झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आवराआवरीला तिच्याकडे गेले. कोपऱ्यात भेटवस्तूंचा ढीग. मोजदाद केली तर डॉक्टर सेट चार, किचन सेट दोन, एक ढोल, एक शिट्टी मारणारं इंजिन आणि एक प्लॅस्टिकचा सुरवंट. हा सुरवंट पहाटे पावणेसहाला कपाटातल्या कपाटात आपसूक गायला लागला होता म्हणे. आणि उत्सवमूर्ती? ढोल ज्या खोक्यातून आला त्या रिकाम्या खोक्यात बसून 'पीं पीं' करत होती.

"मावशी, पुढच्या वर्षी सरळ 'कृपया आहेर आणू नये' छापते," भाची म्हणाली.

खोक्यात बसणारं मूल काही जगावेगळं नाही. अमेरिकेत रोचेस्टर गावी खेळण्यांचं 'नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम' आहे. तिथे बार्बी आहे, तसंच पुठ्ठ्याचं खोकंही आहे. खोक्याला हा मान २००५ साली मिळाला, झाडाच्या काठीला २००८ मध्ये आणि वाळूला २०२१ मध्ये. तिन्ही फुकट, तिन्हींना बॅटरी लागत नाही.

पण रिकामं खोकं घेऊन कुणाच्या वाढदिवसाला जाता येत नाही, ही अडचण आहेच. म्हणून माझी आपली एक साधी कसोटी. लहान मुलाची भेट उघडतं मूल आणि आवरते आई (कधीमधी बाबाही, हे मान्य). तेव्हा ती भेट एकतर वापरून संपावी, नाहीतर लोणच्यासारखी घरात मुरावी. मधलं सगळं माळ्यावर जातं.

संपणाऱ्या भेटी

यांचा राजा म्हणजे रंगीत मळलेला गोळा, प्ले-डो. हे मुळात खेळणंच नव्हतं! अमेरिकेत घरं कोळशावर ऊबवत, त्याची काजळी भिंतींवरच्या कागदावर बसे. ती टिपून काढायला सिनसिनाटीची एक कंपनी मऊ पिठासारखा गोळा विकायची. पुढे गॅस आला, धुता येणारे वॉलपेपर आले आणि धंदा बसला. कंपनीवाल्यांच्या घरातल्याच एका बालवाडीच्या बाईंनी मुलांना त्या गोळ्याच्या शोभेच्या वस्तू करायला दिल्या, मुलं रमली आणि १९५६ साली भिंतपुसणं खेळणं म्हणून बाजारात आलं. आपल्याकडे हा शोध कुणी लावावा लागला नाही. पोळ्या करताना पायात घुटमळणाऱ्या पोराला कणकेची गोळी देऊन 'जा, चिमणी कर' म्हणणारी प्रत्येक आजी त्या बाईंच्या आधीची.

आईसाठी एक टीप: गोळा सतरंजीत चिकटला तर ओला असताना घासू नका, आणखी आत जातो. कडक वाळू द्या आणि मग ब्रशनं झटका.

दुसरी संपणारी भेट खडूंची. क्रेयोला कंपनीनं १९०३ मध्ये आठ रंगांची पहिली पेटी पाच सेंटला विकली. त्याआधी हे लोक धान्याच्या कोठारांना लावायचा लाल रंग आणि काजळी बनवत. नाव सुचवलं मालकाच्या शिक्षिका पत्नीनं. फ्रेंचमध्ये 'क्रे' म्हणजे खडू आणि 'ओला' हे तेलकट या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. म्हणजे शब्दशः तेलखडू! आपल्या दुकानदारानं कोणतंही फ्रेंच न शिकता तेच नाव ठेवलं. मात्र खडूंसोबत कागदाचं भेंडोळंही द्या. नुसते खडू दिलेत तर कागदाचं काम भिंत करते, आणि ती भाड्याच्या घराची असली तर तुमचं नाव बरीच वर्षं निघतं.

तुकड्यांचा हिशेब

लेगो हे नाव 'लाइ गॉट' म्हणजे 'छान खेळ' या डॅनिश शब्दांवरून आलं. बिलुंड गावच्या एका सुतारानं १९३२ साली ही कंपनी काढली. आजच्या विटेचं पेटंट १९५८ चं, आणि त्या वर्षीची वीट आजच्या विटेवर बसते. आठ ठिपक्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या किती तऱ्हांनी जोडता येतात? ९१,५१,०३,७६५. आणि त्यातली एक हमखास रात्री पाणी प्यायला उठलेल्या बाबांच्या तळपायाखाली येते. ती दबत का नाही, हेही तपासून झालंय. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत चार ठिपक्यांची वीट यंत्रात दाबली, तर साधारण ४३० किलोचा भार झाल्यावर तिनं हार मानली. बाबांचं वजन तिच्या खिजगणतीतही नाही.

दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी लेगोचंच ड्युप्लो घ्यावं. त्याची वीट प्रत्येक बाजूनं दुप्पट, म्हणजे एकूण आठपट मोठी. तरीही ती साध्या लेगोवर बसते, त्यामुळे मूल मोठं झालं तरी जुना माल वाया जात नाही. मुरणारी भेट ती हीच. सोबत नाडी ओढली की पिशवी होईल असं गोल कापड शिवून दिलंत तर आई दुवा देईल. जुन्या चादरीचं चालतं, मी तसंच देते.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी तुकड्याचं माप महत्त्वाचं. परीक्षण करणारे लोक ३१.७ मिलिमीटर रुंदीची नळी वापरतात. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो, म्हणून या वयाला बाद. अंदाज हवा तर दहा रुपयांचं नाणं पाहा, ते २७ मिलिमीटरचं असतं. त्याहून थोडी मोठी वस्तूही धोक्याचीच. हॉल सजवणारे फुगेही त्याच यादीत येतात. फुटलेल्या फुग्याचं रबर घशावर चिकटून बसतं. फुगा फुटला की टाळ्या मागाहून, आधी तुकडे उचला.

वाजणाऱ्यांबद्दल

ढोल देणारा माणूस बहुधा बिनमुलाचा असतो किंवा जुनं काहीतरी उट्टं काढत असतो. बॅटरीचं खेळणं द्यायचंच असेल तर दुकानात दोन गोष्टी पाहा. बंद करायचं बटण आहे का, आणि बॅटरीचं झाकण स्क्रूनं बसवलंय का. बटणाएवढी चपटी बॅटरी मुलानं गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. खोक्यावर आयएसआयचं चिन्हही हवं. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. आलाच सुरवंट घरात, तर त्याच्या स्पीकरच्या जाळीवर सेलोटेपचे दोन पदर लावा. आवाज निम्म्यावर येतो. भाचीनं तीन पदर लावलेत.

लाकडी, कागदी

सावंतवाडीची चितारआळी माहीत नसेल असा कोकणी माणूस विरळा. तिथली लाकडी फळं आणि भातुकली पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची, त्यामुळे पायावर पडली तरी मूल रडत नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याची. तिथे लाकूड चरकावर फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी धरतात, घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळून बसते आणि शेवटी केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणतात. ही खेळणी पाण्यात भिजत घालू नयेत, ओल्या फडक्यानं पुसली की झालं.

जिगसॉ कोडं तर जन्मापासूनच पालकांच्या बाजूचं. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं १७६० च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून कापले. मुलांनी भूगोल शिकावा, हा हेतू! घरी दोन कोडी असतील तर प्रत्येकाच्या तुकड्यांमागे वेगळी खूण करून ठेवा, नाहीतर हत्तीला बसचं चाक लागतं.

पुस्तक देताना पुठ्ठ्याच्या पानांचं पाहा, कारण पहिलं वाचन दातांनी होतं. थोड्या मोठ्यांसाठी माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर'. एकच पुस्तक मूल चाळीस वेळा वाचून घेतं. मग वाचणाऱ्यालाही ते आवडायला हवं ना? माधुरीताईंच्या पुस्तकांत आईबाबाही खरे असतात, त्यामुळे एकेचाळिसाव्या वेळीही कंटाळा येत नाही. आठ वर्षांपुढच्या ताईदादांसाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. वर्गणी भरलीत तर भेट बारा वेळा पोचते.

जागा न अडवणारं

फूलराणीची फेरी द्या. पुण्याच्या पेशवे पार्कात ती १९५६ पासून धावतेय, म्हणजे आता आजीसुद्धा 'मीही बसले होते' म्हणत पुन्हा बसते. सुट्टीत रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'चा प्रयोग असेल तर तिकिटं द्या. मोठ्यांचीही काढा हो, चेटकिणीला घाबरून बिलगायला कुणीतरी लागतं.

कपडे? एक माप मोठे घ्या. 'वाढत्या अंगाचे' हा शब्द आपल्या आयांनी उगाच नाही काढला. पाकीट? १०१ रुपयांचं पाकीट मूल एक रुपयाचं नाणं पाहण्यापुरतंच उघडतं, आणि ते नाणं वर सांगितलेल्या नळीत आरामात मावतं. सांभाळा.

आणि आणलेलं सगळं एकदम बाहेर काढू नये. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठानं दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं कधी चार खेळण्यांबरोबर, कधी सोळा खेळण्यांबरोबर बसवली. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून भाचीनं तीन डॉक्टर सेट माळ्यावर टाकलेत. ते ज्यांनी दिलेत त्यांची नावं तिनं खोक्यावर लिहून ठेवलीत, पुन्हा त्यांच्याचकडे जायला नकोत म्हणून. हा अनुभव घेतलेल्यांना तपशील सांगायची गरज नाही.

तिसऱ्या वाढदिवसाला मी छोटं लाकडी पोळपाट-लाटणं नेलं. कणीक घरातलीच. तो ओट्याजवळ पाटावर बसला, मावशीआजीला बाजूला सरकवून लाटायला लागला आणि भाचीनं घड्याळाकडे पाहिलं. तेवीस मिनिटं. तेवढ्यात तिच्या सात पोळ्या झाल्या. आठवी त्याची होती. मी म्हटलं, "वा, चिमणी!" त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "डायनासोर आहे तो."