शिकारीनंतरची साक्ष

कत्तलखान्यात आलेल्या डुकराला पशुवैद्य दोनदा तपासतो. आधी जिवंतपणी, मग आकड्याला टांगल्यावर. जनावर लंगडते का, धापा टाकते का, इतरांपासून अलग उभे राहते का, हे पहिल्या तपासणीतच कळते. रानडुकराच्या बाबतीत ही पहिली तपासणी होतच नाही. पशुवैद्यासमोर येते ते थंड पडलेले धड. जनावराला जिवंतपणी नीट पाहिलेला माणूस बहुधा एकच असतो, गोळी झाडणारा. जनावराचे मांस विकले जावे यात ज्याचा फायदा, त्याच्याच साक्षीवर खाणाऱ्याचा जीव सोपवावा लागतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचे मांस उघड बाजारात येत नाही, त्यामुळे हा पेच आपल्याला अनोळखी आहे. जर्मनीत मात्र दरवर्षी लाखो रानडुकरे कायदेशीरपणे मारली जातात आणि त्यांचे मांस घरांत, खानावळींत शिजते. तिथली तपासणीची पद्धत एका दिवसात उभी राहिली नाही. तिच्यामागे माणसांचे मृत्यू आहेत.

१८३५ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेम्स पॅजेट या वैद्यकीय विद्यार्थ्याला शवविच्छेदन करताना स्नायूंत वाळूसारखी खर दिसली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर प्रत्येक कणात वेटोळे घातलेली एक अळी. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने तिला नाव दिले, आणि पुढची पंचवीस वर्षे ती निरुपद्रवी मानली गेली. जानेवारी १८६० मध्ये ड्रेस्डेनच्या रुग्णालयात विषमज्वराच्या संशयावरून दाखल केलेली एक तरुण मोलकरीण दगावली. तिथल्या डॉक्टर फ्रीडरिश झेंकरने तिचे स्नायू तपासले, तर ते या अळ्यांनी भरलेले होते. ती काम करत होती त्या शेतावर नाताळाआधी डुक्कर कापले होते. झेंकरने तिथले उरलेले हॅम आणि सॉसेज मागवून पाहिले. त्यांतही त्याच अळ्या होत्या.

शोध लागला, पण खाण्याची सवय सुटली नाही. त्या भागात डुकराचा कच्चा खिमा पावाला लावून खातात. १८६५ साली हार्झ डोंगराजवळच्या हेडर्सलेबेन गावात ३३७ माणसे आजारी पडली आणि १०१ दगावली. नामांकित डॉक्टर रुडॉल्फ विरशोने सक्तीच्या तपासणीसाठी वर्षानुवर्षे धोशा लावला. प्रशियाने १८७७ मध्ये ती लागू केली, आणि १९०० मध्ये साऱ्या जर्मन साम्राज्यासाठी मांस तपासणीचा कायदा झाला. डॉक्टर नसलेल्या हजारो साध्या माणसांना शिकवून तयार केले गेले. स्नायूचे तुकडे दोन काचांमध्ये दाबायचे आणि डोळे फुटेस्तोवर सूक्ष्मदर्शकात पाहायचे, हे त्यांचे काम. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात या लोकांचे नाव कुणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

आज बंदिस्त गोठ्यातल्या डुकरांत ही अळी जवळजवळ उरलेली नाही. कोल्ह्यांत आणि रानडुकरांत ती अजून आहे. म्हणून प्रत्येक रानडुकराचा नमुना घ्यावाच लागतो, मांस विकायचे नसून घरीच खायचे असले तरी. नमुना श्वासपटलाचा, पुढच्या पायाचा किंवा जिभेचा. काचांमध्ये दाबण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे, कारण या अळीची एक जात स्नायूत कोशच करत नाही आणि त्या रीतीने नजरेतून निसटते. प्रयोगशाळेत ४६ ते ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून मांस अर्धा तास घुसळतात. पोटात होते तसेच पचन पात्रात होते, स्नायू विरघळतो, अळ्या तळाशी बसतात. उत्तर येईपर्यंत मांस विकायचे किंवा खायचे नाही. मांस गोठवले की काम झाले, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की रानातल्या काही जाती गोठवण्यालाही दाद देत नाहीत.

अळी प्रयोगशाळेत सापडते. बाकीचे बरेच काही जंगलातल्या पहिल्या तास-दोन तासांतच ठरते. गोळी छातीत लागली तर ठीक. पोटात लागली तर आतड्यातली घाण मांसभर पसरते. जखमी जनावर पळाले आणि कुत्र्यांच्या मदतीने काही तासांनी सापडले, तर तोवर पोट फुगलेले असते. थंडीतले रानडुक्कर दाट केसांचे आणि चरबीचे असते. कोथळा न काढता, किंवा काढूनही, अशी धडे एकावर एक रचून ठेवली तर आतली ऊब बाहेर पडत नाही. मांस तांबूस पडते, आंबट वास मारते आणि फेकावे लागते. म्हणून कोथळा लवकरात लवकर काढायचा आणि धड थंड करायचे. युरोपीय संघाच्या नियमानुसार मोठ्या जनावराचे मांस आतपर्यंत ७ अंशांवर आले पाहिजे, सशासारख्या लहान जनावराचे ४ अंशांवर.

कोथळा काढतानाच प्रशिक्षित शिकारी काळीज, फुप्फुसे, पाणथरी न्याहाळतो. गळू, गाठी, सुजलेले सांधे, परजीवी, वेगळा रंग किंवा वास. गोळी झाडण्याआधी जनावर वेडेवाकडे वागत होते का, हेही त्यालाच सांगायचे असते. ठीक वाटले तर तो दिवस, वेळ आणि ठिकाण लिहून सही करतो. असा प्रशिक्षित माणूस हजर नसेल, तर मांस प्रक्रिया केंद्रात धडाबरोबर डोकेही पाठवावे लागते, आणि जठर-आतडी सोडून आतले बाकी सगळे अवयवही. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. साक्षीदार नसेल तर पुरावा आणा, असा तिचा सरळ अर्थ.

नियमातली ढिलाई दुसरीकडे आहे. शिकारी थोडे मांस थेट गिऱ्हाइकाला किंवा जवळच्या दुकानाला देत असेल आणि त्याला काही वावगे दिसले नसेल, तर अळीची चाचणी सोडून पशुवैद्याची तपासणी लागत नाही. लहान व्यवहारावर मोठा बोजा नको, हा विचार समजतो. पण तिथे सारी भिस्त एका माणसाच्या नजरेवर आणि सचोटीवर उरते.

नजरेला मुळीच न दिसणारी गोष्टही आहे. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि काही दिवसांतच जर्मनीतल्या दक्षिण बव्हेरियावर किरणोत्सारी पाऊस पडला. पुढे हरणांच्या मांसातले किरणोत्सारी सीझियम घटत गेले, रानडुकरांतले फारसे घटले नाही. रानडुकरे हिवाळ्यात जमीन उकरून एक प्रकारची भूमिगत बुरशी खातात. सीझियम मातीत वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर खाली झिरपते, त्यामुळे ते या बुरशीपर्यंत उशिरा पोचले आणि अजून पोचते आहे. व्हिएन्ना आणि हॅनोवरच्या संशोधकांनी २०२३ मध्ये बव्हेरियातल्या ४८ रानडुकरांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ८८ टक्के नमुने किरणोत्साराच्या किलोमागे ६०० बेकरेल या मर्यादेच्या वर होते. सीझियमच्या दोन समस्थानिकांचे प्रमाण पाहून त्यांनी दाखवले की यातला १० ते ६८ टक्के वाटा चेर्नोबिलचा नाही. तो शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांचा आहे.

बव्हेरियातल्या शिकारी संघटनेने यासाठी मोजणी केंद्रांचे जाळे उभारले आहे. मर्यादा ओलांडलेले मांस नष्ट केले, तर शिकाऱ्याला सरकारकडून भरपाई मिळते. साऱ्या व्यवस्थेतली ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे खरे सांगणाऱ्याचे नुकसान होत नाही. पोटात गोळी लागून खराब झालेल्या धडाला अशी भरपाई नाही. तिथे किती मांस कापून टाकायचे आणि किती ठेवायचे, हे अजूनही नुकसान सोसणाराच ठरवतो, आणि थेट विक्रीत तर त्याच्यामागून दुसरे कुणी पाहणारे नसते. निदान अशा जनावरासाठी तरी पशुवैद्याची तपासणी सक्तीची हवी, मग विक्री कितीही लहान असो.