अश्वतळ (अमेरिका)

अश्वतळ म्हणजे स्वतःच्या घोड्यासह वनवाटांवर भ्रमंती करणाऱ्या स्वारांना घोड्याच्या शेजारीच मुक्काम करता यावा, यासाठी राखून ठेवलेले शिबिरस्थळ होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा जागेस ‘हॉर्स कॅम्प’ म्हणतात. तेथील राष्ट्रीय वने, राष्ट्रीय उद्याने, राज्य उद्याने आणि खासगी जमिनी अशा सर्व ठिकाणी अश्वतळ आढळतात. सामान्य शिबिरस्थळांवर बहुधा घोडे आणण्यास मनाई असते. त्यामुळे घोडा बांधण्याची सोय, पाणी, लीद टाकण्याची जागा आणि लांबलचक गाडी वळवण्याइतकी मोकळीक असलेले स्वतंत्र तळ उभारावे लागले.

अश्वतळ निवडताना माणसाच्या सुखसोयींपेक्षा घोड्याच्या गरजांचा विचार आधी करावा लागतो. तंबूत गळती झाली तर माणूस एक रात्र कशीबशी काढतो. घोड्याने अनोळखी पाणी पिण्याचे नाकारले किंवा चुकीच्या झाडाची पाने खाल्ली, तर मात्र ते त्याच्या जिवावर बेतू शकते.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या वनसेवेची स्थापना १९०५ मध्ये झाली, तेव्हा वनरक्षकांचे मुख्य वाहन घोडाच होते. आज स्वार वापरतात त्यांपैकी अनेक वाटा मुळात वनरक्षक, गुराखी आणि ओझेवाहू खेचरांचे तांडे यांच्या पायांखाली तयार झाल्या आहेत. पुढे मोटारीमागे जोडायचे घोड्यांचे ट्रेलर सर्रास मिळू लागले. घरून निघून शेकडो किलोमीटर दूरच्या जंगलात घोडा नेणे शक्य झाले आणि वनवाटांवरील घोडेसवारी हा शेतावरील कामापासून सुटलेला, निव्वळ आनंदाचा छंद बनला.

१९६४ च्या वन्यप्रदेश अधिनियमाने संरक्षित वन्यप्रदेशांत मोटारवाहने व यांत्रिक वाहने यांना बंदी घातली. या बंदीत सायकलीही येतात, घोडे मात्र येत नाहीत. वन्यप्रदेशाच्या सीमेवरील तळांना स्वारांची अधिक पसंती असण्याचे हे एक मोठे कारण आहे. १९६८ च्या राष्ट्रीय वाटा अधिनियमाने लांब पल्ल्याच्या वाटांना कायदेशीर आधार दिला. १९७३ मध्ये मोंटाना राज्यातील फ्लॅटहेड खोऱ्यात ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ या स्वारांच्या संघटनेचा आरंभ झाला. वाटांवर पडलेली झाडे हटवणे, तळांची डागडुजी करणे अशी कामे या संघटनेचे स्वयंसेवक करतात.

कागदपत्रे आणि संसर्गजन्य रोग

निवडीची सुरुवात नकाशापासून करण्याऐवजी आरोग्याच्या कागदांपासून करणे शहाणपणाचे ठरते. घोडा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना सर्वसाधारणपणे पशुवैद्याचा आरोग्य दाखला आणि ‘कॉगिन्स चाचणी’चा नकारात्मक अहवाल सोबत असावा लागतो. त्यांची मुदत राज्यागणिक बदलते. चाचणी बहुधा गेल्या बारा महिन्यांतील चालते, आरोग्य दाखला मात्र अनेक राज्यांत तीसच दिवसांचा धरला जातो. कॉर्नेल विद्यापीठातील लेरॉय कॉगिन्स यांनी १९७० च्या सुमारास ही रक्तचाचणी विकसित केली. घोड्यांतील संसर्गजन्य रक्तक्षय या विषाणुजन्य रोगाचे निदान तिच्यामुळे सोपे झाले. रक्त पिणाऱ्या घोडमाश्यांमार्फत हा रोग पसरतो. त्यावर उपचार नाही आणि अमेरिकेत लसही उपलब्ध नाही. बाधित घोड्याला एक तर मारावे लागते, नाही तर आयुष्यभर इतर घोड्यांपासून दूर ठेवावे लागते. तळाच्या प्रवेशद्वारावर अहवाल तपासला जात असेल, तर तो जाच न मानता त्या तळाचा गुणच मानावा.

अश्वतळावर निरनिराळ्या गावांचे घोडे एकत्र येतात. त्यामुळे स्ट्रँगल्ससारखा जबड्याखालील गाठी पिकवणारा रोग सामायिक हौदातून सहज पसरतो. हौद असला तरी पाणी स्वतःच्या बादलीत काढून पाजावे, नळीचे टोक बादलीतील पाण्यात बुडू देऊ नये, असा अनुभवी स्वारांचा शिरस्ता आहे. नदीकाठच्या तळांबाबत आणखी एक धोका संभवतो. पोटोमॅक नदीच्या परिसरात १९७९ मध्ये प्रथम लक्षात आलेला ‘पोटोमॅक अश्वज्वर’ हा जीवाणुजन्य रोग पाण्यात वाढणाऱ्या कीटकांशी निगडित आहे. रात्री दिव्यांकडे आकर्षित झालेले हे कीटक मरून वैरणीत पडतात आणि घोड्याच्या पोटात जातात. नदीकाठी उन्हाळ्यात मुक्काम असल्यास घोड्यांजवळचे दिवे मालवून ठेवावेत, ही सूचना यातूनच आली आहे.

पाणी

सामान्य आकाराचा, म्हणजे सुमारे ४५० ते ५०० किलो वजनाचा घोडा दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पितो. उन्हात चढ चढताना त्याला तासाला दहा ते पंधरा लिटरपर्यंत घाम येऊ शकतो, तेव्हा ही गरज आणखी वाढते. म्हणून ‘तळावर पाणी आहे’ एवढ्या माहितीवर कधीही विसंबू नये. पाणी नळाचे आहे की ओढ्याचे, उन्हाळ्याच्या अखेरीस ओढा आटतो का, थंडीत नळ बंद केले जातात का, नळापासून घोड्यांची जागा किती दूर आहे, हे सर्व विचारून घ्यावे लागते. चार घोड्यांसाठी दिवसाला शंभर-दीडशे लिटर पाणी बादल्यांनी वाहून नेणे हे काम थोडे नाही.

पाणी भरपूर असूनही घोडा ते पिईलच असे नाही. क्लोरीनचा किंवा लोहाचा वास आला की काही घोडे तोंड फिरवतात. कमी पाण्यामुळे आतड्यातील चारा घट्ट होऊन अडतो आणि पोटशूळ उठतो. पोटशूळ हे घोड्यांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. यावर उपाय म्हणून अनेक स्वार पहिल्या दिवसापुरते पाणी घरूनच टाकीत भरून नेतात. काही जण निघण्याच्या आठवडाभर आधीपासून पाण्यात थोडा सफरचंदाचा रस मिसळतात, म्हणजे तळावरच्या पाण्यालाही तीच चव देता येते. ज्या तळापासून पशुवैद्य दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे आणि भ्रमणध्वनीला संकेत मिळत नाही, तेथे तरुण, अननुभवी किंवा पूर्वी पोटशूळ झालेला घोडा न नेणेच इष्ट होय.

घोडा बांधण्याची सोय

तळाच्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची ओळ घोडे कसे ठेवले जातात याविषयीची असते. काही तळांवर छपराचे तबेले असतात, काही ठिकाणी लोखंडी नळ्यांची छोटी कुंपणे असतात, तर काही ठिकाणी केवळ आडवा दांडा असतो. बांधण्याचा दांडा खोगीर कसण्यापुरता ठीक असतो, पण सवय नसलेल्या घोड्याला रात्रभर तेथे आखूड दोरीने उभे ठेवणे योग्य नव्हे.

साध्या तळांवर ‘हायलाइन’ ही पद्धत रूढ आहे. दोन खांबांच्या किंवा झाडांच्या मधोमध, घोड्याच्या डोक्यापेक्षा उंच, म्हणजे दोन मीटरहून थोडी अधिक उंचीवर दोर ताणून बांधतात आणि त्यावरून घोड्याची दोरी खाली सोडतात. घोड्याचे नाक वैरणीपर्यंत पोहोचावे, पण दोरीत पाय अडकू नये, इतकीच ढील ठेवावी लागते. ढील जास्त झाली की दोरी पायात गुंतते आणि खुरावरच्या नाजूक भागाची कातडी सोलवटून निघते. अशी जखम भरण्यास कित्येक आठवडे लागतात. घोडदळाच्या छावणीत घोडा अगाडी-पिछाडीने, म्हणजे डोक्याकडील दोर आणि मागच्या पायांकडील दोर मेखांना बांधून ठेवण्याची रीत मराठी वाचकास परिचित असेल. तिच्यात घोडा जागेवर जखडला जातो, हायलाइनमध्ये मात्र त्याला आजूबाजूला थोडे फिरता आणि आडवे होता येते.

झाडाला थेट घोडा बांधण्यास जवळपास सर्वत्र बंदी आहे किंवा तो प्रकार निषिद्ध मानला जातो. कंटाळलेला घोडा साल कुरतडतो आणि खुरांनी माती उकरून मुळे उघडी पाडतो. झाडांमध्ये हायलाइन बांधायची असल्यास खोडाभोवती रुंद पट्टे वापरतात. पाण्याच्या स्रोतापासून सुमारे ६० मीटर अंतर राखण्याचा दंडकही बहुतेक ठिकाणी पाळला जातो.

वळू घोड्यांना अनेक तळांवर प्रवेश नसतो. असल्यास तो स्वतंत्र कुंपणाच्या अटीवर मिळतो. शेजारच्या जागेतील अनोळखी घोड्याचे तोंड आपल्या घोड्यापर्यंत पोहोचणार नाही एवढे अंतर दोन ठाणांमध्ये आहे का, हेही पाहण्याजोगे आहे.

विषारी झाडे

पूर्व अमेरिकेतील तळ निवडताना सावली देणारी झाडे कोणती आहेत, हा प्रश्न विचारणारे थोडेच असतात. तो विचारायला हवा. लाल मेपल या झाडाची कोमेजलेली पाने घोड्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. सुमारे एक-दीड किलो पानेही जीवघेणी ठरू शकतात. हिरडे पिवळट पडणे आणि लघवी गडद तपकिरी होणे ही त्याची लक्षणे होत. वादळात मोडून पडलेली फांदी बांधलेल्या घोड्याच्या आवाक्यात आली की धोका उद्भवतो. रानचेरीच्या कोमेजलेल्या पानांतून सायनाइड सुटते. काळ्या अक्रोडाचा भुसा अंथरूण म्हणून वापरल्यास एका दिवसाच्या आत खुरांचा दाह होऊ शकतो. त्यामुळे तळावर पोहोचताच घोडे उतरवण्यापूर्वी ठाणाभोवती एक फेरी मारून पडलेल्या फांद्या दूर करणे हे पहिले काम समजले जाते.

वैरण

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे सुमारे ७ ते १० किलो वाळलेला चारा लागतो. पश्चिमेकडील अनेक राज्यांच्या राष्ट्रीय वनांत केवळ ‘तणमुक्त’ म्हणून प्रमाणित केलेलीच वैरण नेता येते. बाहेरच्या तणांचे बी लिदीतून जंगलात रुजू नये, हा त्यामागील हेतू आहे. बी आतड्यातून बाहेर पडण्यास वेळ लागतो. म्हणून निघण्याच्या तीन-चार दिवस आधीपासून हीच वैरण देण्याची शिफारस करतात. घोड्याच्या पोटालाही हा बदल हळूहळू झालेलाच मानवतो. करड्या अस्वलांच्या प्रदेशात माणसाच्या अन्नाप्रमाणे घोड्याची चंदीही अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत ठेवण्याचे नियम आहेत.

रस्ता आणि वाटा

ट्रक आणि ट्रेलर मिळून लांबी १५ मीटरच्या आसपास सहज जाते. राहण्याची खोली असलेला ट्रेलर असल्यास ती आणखी वाढते. एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल अशी जागा असल्यास गाडी मागे घेण्याची कसरत टळते. अरुंद घाटरस्ता, वजनमर्यादा असलेला पूल किंवा पावसात बुडणारा फरसबंद उतार वाटेत असेल, तर परतीचा मार्ग बंद पडण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

वाटांचे एकूण अंतर जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते, परंतु तळापासून थेट निघणाऱ्या वाटा किती आणि त्या वर्तुळाकार परत येतात का, ही माहिती अधिक उपयोगी पडते. घोडा चालीने तासाला सहा किलोमीटरच्या आसपास जातो, खडकाळ चढावर त्याहून कमी. हिवाळाभर उभ्या असलेल्या घोड्याकडून पहिल्याच दिवशी तीस किलोमीटरची अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. वाट दगडी असेल तर नाल किंवा खुरांचे बूट आवश्यक ठरतात. वाट सायकलस्वारांसोबत वापरायची असल्यास घोड्याला वाट देण्याची पद्धत आहे, पण वळणापलीकडून अचानक आलेल्या सायकलीस ती आठवेलच असे नाही.

काही अश्वतळ

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत पसरलेल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात गाडीने पोहोचता येण्याजोगे पाच अश्वतळ आहेत. अँथनी क्रीक, बिग क्रीक, कॅटालूची, राउंड बॉटम आणि टो स्ट्रिंग अशी त्यांची नावे आहेत. उद्यानातील सुमारे ८८५ किमी (५५० मैल) वाटा घोड्यांना खुल्या आहेत. या तळांसाठी आगाऊ आरक्षण करावे लागते.

केंटकी व टेनेसी यांच्या सीमेवरील बिग साउथ फोर्क परिसरात बेअर क्रीक आणि स्टेशन कॅम्प हे अश्वतळ आहेत. वालुकाश्माचे कडे आणि कमानी यांमुळे हा भाग स्वारांत लोकप्रिय आहे. इंडियाना राज्यात हूझियर राष्ट्रीय वनातील ब्लॅकवेल हा तळ चार्ल्स सी. डीम या वन्यप्रदेशालगत आहे. त्याच राज्यातील ब्राउन काउंटी राज्य उद्यानातही स्वारांसाठी स्वतंत्र शिबिरस्थळ असल्याने, साधा तळ आणि सोयींचा तळ यांची तुलना एकाच भागात करता येते. साउथ डकोटातील कस्टर राज्य उद्यानात फ्रेंच क्रीक अश्वतळ आहे. तेथे बायसनचा मोठा कळप मोकळा फिरतो. ज्या घोड्याने बायसन कधी पाहिलेला नाही त्याला प्रथम दुरूनच तो पाहू द्यावा लागतो.

ऋतुमान

दक्षिणेकडील राज्यांत उन्हाळ्यातील गोचिडी आणि घोडमाश्या घोड्यांना जेरीस आणतात, म्हणून तेथे वसंत आणि शरद ऋतूंत अधिक गर्दी असते. शरद हाच शिकारीचाही हंगाम असल्यामुळे स्वार आणि घोडा दोघांनाही भडक नारिंगी रंगाचे कापड घालतात. रॉकी पर्वतातील उंच वाटांवर जून उलटेपर्यंत बर्फ असू शकतो. त्यानंतरच्या महिन्यांत तेथे दुपारच्या विजा आणि वणव्यांमुळे अचानक जाहीर होणारी बंदी यांचा विचार करावा लागतो. वणव्याच्या काळात ट्रेलर ट्रकला जोडूनच आणि बाहेर पडण्याच्या दिशेने तोंड करून उभा ठेवतात. ट्रेलरमध्ये चढण्यास कुरकुर करणारा घोडा अशा वेळी सर्वांनाच अडकवून ठेवू शकतो, त्यामुळे अंधारातही तो न बिचकता चढेल याची तालीम घरीच करून घेतली जाते.