डिझेलच्या मोटारीची निगा

हौसेला मोल नसतें असें म्हणतात. परंतु हौसेनें घरीं आणलेल्या वस्तूचा स्वभाव ओळखून घेतला नाहीं, तर तिचें मोल पुढें वारंवार भरावें लागतें. छत्रपति संभाजीनगरांतील एकादें कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. आजवर घरीं पेट्रोलची लहान गाडी होती. यंदां डिझेलची मोठी गाडी दाराशीं आली. सकाळीं मुलांची शाळा, दुपारीं गुलमंडीवरचा बाजार, सायंकाळीं सिडकोंतील आप्तांकडे एक फेरी. कोणतीहि खेप ३-४ किलोमीटरांहून लांब नाहीं. कांहीं महिने लोटतात आणि एके दिवशीं चालकासमोर पिवळा दिवा पेटतो. गाडी कोठें आपटली नाहीं, तिनें ओझें वाहिलें नाहीं; मग ती बिघडली कशानें? उत्तर मोठें विचित्र आहे: ती पुरेशी धांवली नाहीं म्हणून.

हें कोडें उलगडण्यासाठीं इंजिनाची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत इंधन व हवा यांचें मिश्रण ठिणगीनें पेटतें. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञानें ठिणगीचें काम हवेवरच सोंपविलें, आणि १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी ठरलें. सायकलीच्या चाकांत हवा भरतांना पंप तापतो, तोच हा न्याय. सिलिंडरांत कोंडलेली हवा दट्ट्यानें सुमारें सोळाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि तींत डिझेलचा फवारा शिरतांच तो आपोआप पेट घेतो. अशा इंजिनांत इंधन कमी लागतें आणि ओढ अधिक मिळते. परंतु त्यांतून काजळी निघते, आणि उष्णता कमी वायां जात असल्यामुळें तें तापण्यासहि वेळ लागतो.

ही काजळी पूर्वीं बहुतेक गाड्या सरळ रस्त्यावर सोडीत. १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारींना ‘भारत स्टेज ६’ हे नियम लागू झाले. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० वर आली, आणि धूर बाहेर पडण्याच्या वाटेवर काजळी अडविणारी चाळणी बसली. गराजमध्यें तिला डीपीएफ म्हणतात. शेंद्र्याच्या कारखान्यांत २००१ सालापासून ऑक्टेव्हिया गाड्या तयार होऊं लागल्या. तसल्या जुन्या डिझेल गाड्या ज्यांनीं वर्षानुवर्षें वापरल्या, त्यांना या चाळणीची काळजी करावी लागली नाहीं. म्हणून त्यांचा सल्ला कितीहि आपुलकीचा असला, तरी नव्या गाडीस तो पुरत नाहीं.

चाळणी भरत आली कीं गाडी ती स्वतःच साफ करूं लागते. थोडें जादा डिझेल जाळून चाळणी सुमारें ६०० अंशांपर्यंत तापविली जाते आणि अडकलेली काजळी जळून जाते. या कामास साधारण १० ते २० मिनिटांची सलग धांव लागते. गाडी शाळेच्या दाराशीं थांबून इंजिन बंद झालें, कीं काम अर्धवट राहतें. असें वारंवार झालें म्हणजे काजळी सांचत जाते, आणि जाळण्यासाठीं सोडलेल्या डिझेलचा कांहीं अंश इंजिनाच्या वंगणतेलांत उतरतो.

उपाय खर्चाचा नाहीं. आठवड्यांतून एकदां गाडी शहराबाहेर काढावी आणि इंजिन तापल्यावर अर्धा तास एकसारख्या वेगानें चालवावी. जालना रस्त्यानें शेंद्र्याच्या पुढें जावें किंवा समृद्धि महामार्ग धरावा. वेरूळ सुमारें ३० किलोमीटरांवर आहे; सुटीच्या दिवशीं तेथें जाऊन आल्यास घृष्णेश्वराचें दर्शन आणि चाळणीची सफाई, दोन्ही साधतात. घरासमोर इंजिन नुसतें चालूं ठेवल्यानें मात्र हें होत नाहीं. उलट काजळी वाढते. दिवा लागलाच, तर गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेली धांव तिला लागलीच द्यावी. गाडीचा जोर ओसरेपर्यंत वाट पाहूं नये.

वंगणतेलाची पट्टी पाहतांना तेल कमी झालें कीं काय, एवढेंच पाहण्याची संवय असते. डिझेलच्या मालकानें तें वरच्या खुणेच्या वर चढलें नाहीं ना, हेंहि पाहावें. चढलें असल्यास त्यांत डिझेल मिसळलें असण्याचा संभव असतो. तें तपासून बदलून घ्यावें. नवें तेल चाळणीच्या गाडीसाठीं नेमलेलें, कमी राखेचें असावें. कारण काजळी जळते, राख जळत नाहीं, ती चाळणींतच बसून राहते.

इंधनाविषयींहि सावध असावें. फवाऱ्याचीं छिद्रें केंसाएवढीं बारीक, आणि त्यांमागील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक. पाण्याचा अंश तेथें घातक ठरतो. म्हणून डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा व त्यांत सांचलेलें पाणी काढून टाकावें. जुन्या संवयीनें टाकींत पेट्रोल भरलें गेलें, तर चावी मुळींच फिरवूं नये. पंपाला वंगण डिझेलचेंच मिळतें. पेट्रोल तें धुऊन नेतें. टाकी रिकामी करण्याचा खर्च पंप बदलण्याच्या खर्चापुढें कांहींच नव्हे. तसेंच लांबच्या दौडीनंतर इंजिन अर्धा-एक मिनिट सावकाश फिरूं द्यावें, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहतें.

चाळणी वारंवार भरूं लागली, कीं ती कापूनच टाका, असें सांगणारे भेटतात. हा सल्ला कायद्याच्या विरुद्ध तर आहेच. परंतु त्याहून गंभीर गोष्ट अशी कीं, डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोग करणारा आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला आहे. शाळेच्या दारांत उभ्या असलेल्या गाडीचा धूर प्रथम मुलांच्याच छातींत जातो. ज्या घराचा सारा प्रवास गल्लीपासून चौकापर्यंतचाच आहे, त्यानें गाडी घेण्यापूर्वींच पेट्रोलचा विचार करावा. आणि डिझेलची गाडी दारीं आलीच असेल, तर तिला आठवड्याची अर्ध्या तासाची मोकळी वाट देण्यास चुकूं नये.